लांबच्या टॉवरसाठी अँटेना आणि बूस्टर: आकडा बघून घेतला आणि फसलो

टीव्हीचा टॉवर माझ्यापासून सत्तर किलोमीटरवर, म्हणून आधी बॉक्सवर मोठ्ठा आकडा छापलेला बूस्टर घेतला, गेन (सिग्नल किती वाढवतो तो आकडा) 30 डीबी, म्हटलं जेवढा जास्त तेवढं बरं. कंपनीचं नाव घेत नाही, चूक अर्धी माझीच होती. लावला आणि टीव्हीवर सिग्नल स्ट्रेंग्थ एकदम 95, क्वालिटी मात्र 20 च्या आसपास नाचतेय आणि चित्राचे चौकोन चौकोन. आधी जी दोन चॅनल नीट दिसायची तीपण गेली! दोन दिवस अँटेनाच फिरवत बसलो, मग सहज बूस्टर काढून केबल सरळ जोडली तर ती दोन्ही परत आली. जवळच एक तगडा ट्रान्समीटर आहे, त्याच्यामुळे बूस्टर ओव्हरलोड होत होता आणि तो आपलाच कचरा सगळ्या चॅनलवर पसरवत होता.

त्यानंतर जरा वाचून दुसरा घेतला, गेन 16 डीबी पण नॉइज फिगर (बूस्टर स्वतःचा किती गोंगाट मिसळतो ते, कमी तेवढं बरं) दीड डीबीच्या खाली, आत मोबाईलचे सिग्नल अडवणारा फिल्टरपण आहे. खरं बघायचं ते नॉइज फिगर. बूस्टर नवीन सिग्नल तयार करत नाही हो, अँटेनाने जे पकडलं ते केबलमध्ये मरू नये एवढंच त्याचं काम. माझी आरजी-6 केबल 25 मीटर, 600 मेगाहर्ट्झला त्यातच साडेचार-पाच डीबी जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच गुल. म्हणून बूस्टरची डबी वर काठीवर, अँटेनाला अगदी खेटून. टीव्हीमागे लावला तर जे हरवलं ते हरवलंच, वर गोंगाटपण मोठा होऊन येतो. डबीला करंट खालून त्याच केबलमधून जातो, त्यामुळे मधे स्प्लिटर (एक केबल दोन-तीन टीव्हींना वाटणारा) असेल तर तो डीसी पास करणारा, म्हणजे हा करंट पुढे जाऊ देणारा हवा, नाहीतर पॉवरचा अ‍ॅडॅप्टर स्प्लिटरच्या आधी, अँटेनाच्या बाजूला जोडायचा. मी उलटं जोडलं होतं, अर्धा तास डबी खराब निघाली म्हणून शिव्या घातल्या.

अँटेना लांब यागी घेतला, काड्यांचा. जाळीवाला चपटापण चांगला असतो, पण मला सगळे टॉवर एकाच दिशेला आहेत आणि यागीचा मारा अरुंद, त्यामुळे बाजूचा त्रासपण कमी होतो. फक्त दिशा नीट धरावी लागते, पाच-दहा अंश इकडेतिकडे झालं की क्वालिटी घसरते. अँटेनाच्या गेनचे आकडे बघताना डीबीआय का डीबीडी (एकच गेन मोजायच्या दोन पद्धती) तेवढं तपासा, दोघांत 2.15 चा फरक असतो आणि विकणारे अर्थातच मोठा आकडा छापतात. 200 किलोमीटर रेंज वगैरे लिहिलेलं दिसलं की हसून पुढे जा, पृथ्वी गोल आहे. मोकळ्या सपाट जमिनीवर 300 मीटरचा टॉवर आणि आपला 9 मीटरचा पाईप धरला तर रेडिओचं क्षितिज साधारण 84 किलोमीटरवर संपतं, त्यापुढे हवामानाच्या मर्जीवर. त्यापेक्षा पाईप उंच करा, फायदा जास्त.

एक तक्रार. अँटेनाबरोबर आलेलं कनेक्टरचं रबरी टोपण अगदी पातळ, पहिल्या पावसातच पाणी आत गेलं. उघडलं तर तांब्याची तार हिरवी पडलेली. आता चांगला कनेक्टर घालून वर चिकट रबर टेप गुंडाळलीय आणि केबलला खाली एक लूप सोडलाय, पाणी तिथून ठिबकतं. काठीला अर्थिंग पण केलं, ते आधीच करायला हवं होतं.

बाकी समाधानी आहे, 11 चॅनल येतायत आणि संध्याकाळीसुद्धा तुटत नाहीत. एकच चॅनल राहिलंय, ते व्हीएचएफवर (खालच्या फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यात) आहे आणि हा अँटेना फक्त यूएचएफचा (वरच्या पट्ट्याचा), म्हणजे परत शिडी लावणं आलं.