फर्ग्युसन की झेवियर्स? बीएला प्रवेश घेण्याआधी

बारावीला चांगले गुण मिळाले आणि कला शाखाच हवी हे पक्कं असलं, की घरात दोन नावं हमखास निघतात: पुण्याचं फर्ग्युसन आणि मुंबईचं सेंट झेवियर्स. नावाच्या वजनावर हा प्रश्न सुटत नाही. एक १८८५चं, दुसरं १८६९चं. दोन्ही स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हातात, पदवी विद्यापीठाची. माझ्या मते खरा फरक तास संपल्यावर पडतो. उरलेला दिवस कुठे आणि कोणाबरोबर जाणार, हे आधी पाहा.

फर्ग्युसनमध्ये तो दिवस पायी फिरण्यात जातो. वसतिगृहं आवारातच, मागे टेकडी, मधे जुन्या झाडांखालचे कट्टे आणि वाडिया ग्रंथालय. त्याहून मोलाचा मला शेजार वाटतो. भांडारकर प्राच्यविद्या संस्था आणि गोखले अर्थशास्त्र संस्था, दोन्ही चालत गाठता येतात. अर्थशास्त्र किंवा संस्कृत घेणाऱ्या मुलाला तिथली व्याख्यानं ऐकायला मिळाली, तर तीन वर्षांत त्याची वाचायची पद्धतच बदलते. शिकवण्याचा वारसाही मोठा आहे: आगरकर इथे प्राचार्य होते, गोखले शिकवत होते, आणि १८९९मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले रघुनाथ परांजपे परत येऊन इथेच गणित शिकवू लागले. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या, की नाटकवेड्या मुलांना दिवस पुरत नाही. गावाकडून आलेल्या मुलाला इथे मराठीत मैत्री करता येते. पहिल्या सहा महिन्यांत हा आधार फार मोठा असतो, आणि पालक नेमका तोच हिशेबात धरत नाहीत.

झेवियर्सचं आवार त्यामानाने लहान, धोबी तलावाच्या गर्दीत, पण आत शिरलं की दगडी कमानी आणि शांत चौक. प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय बीएला घ्यायचा असेल, तर मी डोळे मिटून झेवियर्स सांगेन. फादर हेरास यांनी १९२६मध्ये उभी केलेली इतिहास संशोधन संस्था कॉलेजातच आहे, शिवाय एशियाटिक सोसायटी आणि काळा घोड्याजवळचं वस्तुसंग्रहालय फार लांब नाहीत. कॉलेजच्याच इंडियन म्युझिक ग्रुपमुळे शास्त्रीय संगीताचा कान तयार होतो. मल्हार महोत्सव मुलंच उभा करतात. प्रायोजक शोधण्यापासून मंच आवरण्यापर्यंत. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचं इथलं संसाधन केंद्र तर निवडीचं पुरेसं कारण ठरावं. वावरायची भाषा मात्र इंग्रजी. मराठी वाङ्मय मंडळ आहे, तरी वर्गात बोलायचं धाडस इंग्रजीतच करावं लागतं. ज्याला ते जमवायचंच आहे, त्याच्यासाठी ही उत्तम तालीम.

मग लोकल. डोंबिवली किंवा विरारहून येणाऱ्याचे रोजचे तीनेक तास गाडीत जातात, आणि कॉलेजच्या संध्याकाळी घडणारं बरंचसं त्याच्या हातून सुटतं. बाहेरगावच्या मुलाला दक्षिण मुंबईत खोली परवडणं कठीण. म्हणून घर नाशिक, सातारा किंवा लातूरला असेल, तर माझा कौल फर्ग्युसनला. घर दादर-गिरगावात असेल, तर झेवियर्स सोडू नका.

प्रवेशातली एक बाब नीट समजून घ्या. झेवियर्स ही ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्था आहे; अशा संस्थांमध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी वेगळा कोटा असतो, आणि अनुसूचित जाती-जमाती वा ओबीसी आरक्षणाची सक्ती त्यांच्यावर नसते. त्या प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांनी फर्ग्युसनचा अर्ज भरलेला असू द्यावाच. दोन्हीकडे अनुदानित आणि विनाअनुदानित अभ्यासक्रमांच्या फीमध्ये मोठी तफावत असते. तुमचा विषय कोणत्या गटात मोडतो, हे कार्यालयात विचारा.

आणि जमलं तर दोन्हीकडे कामाच्या दिवशी, दुपारी दोननंतर जा. तास सुटल्यावर मुलं ग्रंथालयाकडे वळतात, तालमीला जातात की स्टेशनकडे पळतात, हे मुलालाच बघू द्या.