ॲनाकोंडासाठी निवास: काचपेटी, पीव्हीसीची पेटी, लाकडी बांधणी की स्वतंत्र खोली?

पाळीव ॲनाकोंडाच्या निवासाचा विचार जातीपासूनच सुरू करावा लागतो, कारण हिरवा आणि पिवळा या दोन जातींना लागणारी ऊब, ओलावा आणि पाणी बरेचसे सारखे असले, तरी त्यांच्या आकारमानातील फरक सगळा हिशेब बदलून टाकतो. हिरव्या ॲनाकोंडाचे नवजात पिल्लू जेमतेम पाऊण मीटरचे असते आणि प्लास्टिकच्या लहान डब्यात सहज मावते. पूर्ण वाढलेली मादी मात्र साधारणपणे चार ते पाच मीटर लांब होते आणि तिचे वजन अनेकदा 40 किलोच्या पुढे जाते. पिवळ्या ॲनाकोंडाची मादी बहुधा तीन ते साडेतीन मीटरपर्यंत वाढते. दोन्ही जातींत नर मादीपेक्षा लहान राहतो, त्यामुळे ज्यांच्याकडे जागा मर्यादित आहे त्यांनी पिवळ्या जातीच्या नराचा विचार आधी करावा.

काचेची मत्स्यपेटी पिल्लाच्या पहिल्या काही महिन्यांपुरती चालते. त्यानंतर ती जड, उष्णता न टिकवणारी आणि वरून उघडणारी म्हणून गैरसोयीची ठरते; वरून आलेला हात सापाला भक्षकासारखा वाटतो, हाही तिचा एक दोष आहेच.

खरी निवड पीव्हीसीची तयार पेटी आणि लाकडी बांधणी यांच्यात असते. लाकडी पेटी हव्या त्या मापाची करून घेता येते आणि ऊब चांगली धरून ठेवते, पण ॲनाकोंडा हा पाण्यातून बाहेर येऊन अंग टेकणारा साप असल्याने तिच्या सांध्यांत ओल शिरते, फळ्या फुगतात आणि बुरशी धरते. प्लायवूडला आतून इपॉक्सीचे थर दिले आणि सांधे सिलिकॉनने बंद केले, तर तिचे आयुष्य वाढते. तरीही जड सापाच्या सततच्या घर्षणाने लेप कुठे ना कुठे निघतोच. पीव्हीसीला ओलाव्याचे भय नाही, ती धुता येते आणि निर्जंतुकही करता येते. तिची मर्यादा ताकदीची आहे: पातळ पत्र्याच्या पेटीचा तळ मोठ्या पाण्याच्या टबाखाली वाकतो आणि सरकत्या काचा सापाच्या रेट्याने खाचेतून बाहेर येऊ शकतात. 240 सेंटिमीटर लांब, 90 रुंद आणि सुमारे 75 उंच, खाली भक्कम चौकट असलेली पीव्हीसीची पेटी पिवळ्या ॲनाकोंडासाठी माझ्या मते सर्वांत समंजस निवड आहे.

हिरव्या मादीसाठी मात्र कोणतीही पेटी अखेर अपुरी पडते. तिला टाइल्स लावलेली, निचऱ्याची सोय असलेली आणि तापमानावर नियंत्रण ठेवता येईल अशी स्वतंत्र खोली किंवा खोलीचा बंदिस्त भाग लागतो.

पाणी हा या तुलनेतील निर्णायक मुद्दा आहे. ॲनाकोंडाचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूस असतात, कारण तो बहुतेक वेळ पाण्यात बुडून राहणारा प्राणी आहे. अंग पूर्ण बुडेल एवढे पाणी त्याला हवेच. उचलता येणारा टब स्वस्त पडतो आणि साफ करायला सोपा असतो, पण तो उचलता येतो तोवरच. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि 40 सेंटिमीटर खोल हौदात 600 लिटर, म्हणजे 600 किलो पाणी मावते. वरच्या मजल्यावर असा हौद बांधण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक आहे. साप बहुधा पाण्यातच विष्ठा करतो आणि एवढी घाण मत्स्यालयाच्या फिल्टरला झेपत नाही. फिल्टर मदतीला असू द्यावा, पण भरवसा तळाशी उतार, रुंद निचरानळी आणि झडप यांवरच ठेवावा, जेणेकरून सारे पाणी एका वेळी सोडून हौद घासता येईल. हौदाइतकीच महत्त्वाची आहे ती कोरडी जागा. सतत ओल्या पृष्ठभागावर राहिलेल्या सापाच्या पोटाकडील खवल्यांखाली फोड येतात आणि संसर्ग होतो, म्हणून संपूर्ण शरीर मावेल असा कोरडा, उबदार ओटा नसलेला पिंजरा कितीही देखणा असला तरी नाकारावा.

ऊब देण्यासाठी छताला बसवलेले रेडियंट पॅनेल, म्हणजे खाली उष्णता सोडणारी सपाट तबकडी, दिव्यापेक्षा बरे, कारण उघड्या दिव्याला साप विळखा घालून भाजून घेतो. तळाची गरम पट्टी तर जड सापाच्या वजनाखाली उष्णता कोंडून अधिकच धोकादायक होते. ओट्यावर सुमारे 31 ते 32 अंश सेल्सियस, इतरत्र 26 ते 28 आणि पाणीही साधारण तेवढेच कोमट असावे. पाण्यातील काचेचा हीटर सापाच्या आवाक्यात मुळीच नको. प्रत्येक उष्णतास्रोताला थर्मोस्टॅट आणि संपूर्ण जोडणीला विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी असावा.

खोलीवजा निवासाचा एक मोठा लाभ सुरक्षिततेचा आहे. त्यात बाहेरून बंद करता येणारा लपण्याचा कप्पा बांधता येतो, आणि साप आत असताना दार लावून हौद निर्धास्तपणे धुता येतो. पेटीत ही सोय क्वचितच असते. तीन मीटरच्या सापाबरोबर एकट्याने काम करू नये, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू आहे, आणि दाराला कुलूपही हवेच.

खर्च करण्यापूर्वी आपल्या देशाचा कायदा पाहावा. दोन्ही जाती साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या प्रजातींत, येतात, आणि अमेरिकेने पिवळ्या ॲनाकोंडाची 2012 मध्ये व हिरव्याची 2015 मध्ये घातक प्रजातींत नोंद करून आयातीला बंदी घातली. परवानगीची अडचण नसेल, तर निवास पूर्ण झाल्यावर किमान दोन आठवडे तो सापाविना चालवून पाहावा, दिवस-रात्रीचे तापमान नोंदवावे आणि हौद रिकामा करून घासून पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते मोजावे. तेवढा वेळ आठवड्यातून निदान दोनदा काढता येणार नसेल, तर हौद लहान करण्यापेक्षा साप पाळण्याचा विचारच सोडावा.