राजीनामा लिहून देणारे टंकलेखन केंद्र : एक अनुभव

नाशिकला जुन्या सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या आवाराला लागून, प्रतिज्ञापत्रे आणि भाडेकरार टंकित करून देणाऱ्यांची जी रांग आहे, तीत एका वयस्कर काकांचे छोटे केंद्र आहे. पाटीवर ‘मराठी-इंग्रजी टंकलेखन, अर्ज, झेरॉक्स’ एवढेच लिहिलेले असले, तरी नोकरीचा राजीनामा लिहून घेण्यासाठी तेथे बरेच लोक येतात. 2025 च्या 1 मार्चला, शनिवारी, मीही त्याच कामासाठी गेले होते. सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात मी सप्टेंबर 2017 पासून नोकरीस होते आणि दुसरीकडे जागा मिळाल्यामुळे सोडत होते.

माझा मसुदा तयार होता. मला केवळ तो नीट टंकित करून हवा होता. दीड पान मजकुरात दोनदा डावललेली बढती, सुट्टीच्या दिवशी बोलावून घेण्याची पद्धत आणि शेवटी ‘अशा वातावरणात काम करणे अशक्य झाले आहे’ हे वाक्य, असे सगळे मी मनापासून लिहिले होते. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते दोनदा वाचले, तांबड्या पेनचे टोक ‘अशक्य’ या शब्दावर टेकवले आणि विचारले, “ताई, हे भांडण आहे की राजीनामा? दोन्ही हवे असेल तर दोन वेगळे कागद करा. तक्रार खरी असेल तर तिच्या जागी द्या. राजीनामा तुमच्या फाइलला लागतो; उद्या नवी कंपनी चौकशी करेल तेव्हा साहेब बदललेले असतील, कागद तोच असेल.”

त्यानंतर त्यांनी नेमणूकपत्र मागितले. ते मी नेले नव्हते. “त्याशिवाय मी तारीख घालत नाही,” असे सांगून त्यांनी मला सरळ घरी पाठवले, आणि भर उन्हात सातपूरला जाऊन परत येताना मी त्यांना मनातल्या मनात बरेच काही बोलले, हे कबूल करते. मात्र नेमणूकपत्रात पूर्वसूचनेची मुदत 60 दिवस निघाली, आणि माझ्या मसुद्यात मी बिनधास्त एक महिना लिहिला होता. भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून त्यांनी दिवस मोजले : पत्र सोमवारी 3 मार्चला द्यायचे, साठावा दिवस 2 मे, आदल्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. ‘तात्काळ’ खोडून त्या जागी ‘दिनांक 2 मे 2025 रोजी कामकाजाची वेळ संपल्यानंतर कार्यमुक्त करावे, ही विनंती’ असे आले. सोडण्याचे कारण ‘वैयक्तिक’ एवढेच ठेवले.

आभाराच्या ओळीवर त्यांनी सर्वांत जास्त वेळ घेतला, आणि माझ्या मते या केंद्राचे खरे कसब तेथेच आहे. ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे’ हे वाक्य सगळेच लिहितात आणि कोणीच वाचत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. “तुम्हाला तिथे काम कोणी शिकवले?” या त्यांच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे, तर ज्या साहेबांशी माझे शेवटची दोन वर्षे पटत नव्हते, त्यांनीच पहिल्या वर्षी मायक्रोमीटर धरण्यापासून तपासणी अहवाल लिहिण्यापर्यंत सारे शिकवले होते. तेवढेच एका वाक्यात लिहिले गेले. सोमवारी साहेबांनी त्या ओळीवर थांबून माझ्याकडे पाहिले आणि आवकेचा शिक्का मारलेली माझी प्रत काही न बोलता परत दिली. प्रती दोन न्याव्यात आणि एकीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नये, हेही काकांचेच सांगणे.

पैशांची बाजूही त्यांना पक्की ठाऊक आहे. सलग 5 वर्षे पूर्ण झालेल्या कायम कर्मचाऱ्याला राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेबद्दल कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, मिळते, शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक काम पूर्ण वर्ष धरले जाते, आणि मूळ पगार व महागाई भत्त्याला 26 ने भागून 15 ने आणि मग वर्षांनी गुणायचे, हा तेव्हाचा हिशेब त्यांनी माझ्या खोडलेल्या मसुद्याच्या मागेच मांडला. माझे 26,000 रुपये आणि 7 वर्षे 8 महिने, म्हणजे 8 वर्षे. रक्कम 1,20,000 रुपये. भविष्य निर्वाह निधी काढून न घेता नव्या ठिकाणी वर्ग करावा, आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती सदस्याला स्वतः निधीच्या पोर्टलवर नोंदवता येते, हेही त्यांनी बजावले.

उणिवा आहेत. बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर बहुधा झेरॉक्सचे गठ्ठे असतात. केंद्र न्यायालयाच्या वेळापत्रकाने चालते, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी जाऊ नये. मराठी पत्र उत्तम होते. इंग्रजी मात्र ‘आय बेग टू स्टेट’ या थाटाचे असल्याने मी घरी येऊन बरेच सौम्य केले. ईमेलने किंवा कंपनीच्या पोर्टलवरून राजीनामा द्यायचा असल्यास त्यांचा उपयोग मसुद्यापुरताच. लेखन, टंकलेखन आणि दोन प्रती मिळून 150 रुपये घेतले. कामे कोणाकडे सोपवली याची यादी एप्रिलच्या अखेरीस त्यांच्याकडूनच करून घेतली, तिचे 40 रुपये वेगळे.

जाताना नेमणूकपत्र आणि शेवटची पगारपावती बरोबर ठेवावी, आणि अकराच्या आत पोचावे. त्यानंतर प्रतिज्ञापत्रवाल्यांची रांग लागते आणि काका राजीनाम्याला दुपारनंतरच हात लावतात.