चेतापेशीचे मॉडेल आणि चेताऊतीच्या चार स्लाइड : नववीच्या वर्गातील चार महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. यंदा जूनमध्ये शाळेच्या प्रयोगशाळेसाठी चेतापेशीचे एक मोठे मॉडेल आणि चेताऊतीच्या चार तयार स्लाइड असा संच नागपूरच्या एका शैक्षणिक साहित्य विक्रेत्याकडून 4,600 रुपयांना मागवला. एवढी रक्कम एकाच वस्तूवर घालण्यापूर्वी आमच्यासारख्या शाळेला दहा वेळा विचार करावा लागतो. त्यामुळे घाईने मत न देता दिवाळीपर्यंत संच वापरला आणि आता हे लिहीत आहे.

स्लाइड उत्तम आहेत, हे आधी सांगतो. बैलाच्या मेरुरज्जूतील चेतापेशींचा लेप असलेली पहिली स्लाइड तर एकटीच निम्मी किंमत वसूल करणारी आहे. आमचा सूक्ष्मदर्शक आरशाचा आहे, त्यामुळे वीज गेली तरी खिडकीतल्या उजेडावर काम चालते. 100 पट मोठे करून पाहिले की फिकट पार्श्वभूमीवर निळ्या-जांभळ्या, कोनाकोनांच्या पेशी दिसतात आणि प्रत्येक कोनातून एक धागा निघालेला असतो. 400 पटीवर पेशीकायाच्या मध्यभागी फिकट गोल केंद्रक, त्यात गडद ठिपक्यासारखी केंद्रकी आणि भोवती प्रथिने तयार करणारे रंगीत कण इतके स्पष्ट उमटतात की पुस्तकातली आकृती त्यापुढे फिकी वाटते. पेशीभोवती विखुरलेले बारीक ठिपके म्हणजे रंग नीट न बसल्याचे डाग असावेत, असे मुलांना वाटले. प्रत्यक्षात ती चेताश्लेषी पेशींची केंद्रके आहेत. चेतापेशींना आधार देणे, त्यांचे पोषण सांभाळणे आणि अक्षतंतूंवर, म्हणजे पेशीतून निघणाऱ्या लांब धाग्यांवर, मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन चढवणे ही कामे या पेशी करतात. मानवी मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात आणि श्लेषी पेशींची संख्याही जवळपास तितकीच असते. आपण शिकवताना मात्र त्यांना एका ओळीत गुंडाळतो. या स्लाइडमुळे यंदा मी त्यांना एक पूर्ण तास दिला.

दुसऱ्या स्लाइडमध्ये चेतेचा, म्हणजे अनेक अक्षतंतूंच्या जुडीचा, आडवा छेद आहे. वेगवेगळ्या जुड्यांमध्ये बांधलेल्या मायलिनच्या असंख्य काळ्या कड्या आणि प्रत्येक कडीच्या आत फिकट अक्षतंतू, असे ते दृश्य पाहून मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, हे तं मोटारपंपाच्या केबलवानी दिसते." निरीक्षण अगदी योग्य होते, पण तिथेच थांबून चालत नाही. तारेत वीज लांबीच्या दिशेने वाहते. चेतातंतूत आवेग, म्हणजे संदेश, पुढे सरकतो तो पेशीच्या पटलातून सोडियमचे आयन बाहेरून आत शिरत गेल्यामुळे. विश्रांतीच्या वेळी पेशीच्या आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलीव्होल्टने ऋण असते. सोडियम आत शिरले की ती क्षणभर धन होते आणि पोटॅशियम बाहेर पडल्यावर पुन्हा पूर्वस्थितीला येते. मायलिन असलेल्या तंतूवर हा बदल फक्त वेष्टनांमधल्या उघड्या जागी घडतो, त्यामुळे आवेग टप्पे घेत जातो आणि सर्वांत जाड तंतूंमध्ये त्याचा वेग सेकंदाला 120 मीटरपर्यंत पोहोचतो. तिसऱ्या स्लाइडमध्ये या उघड्या जागा स्पष्ट दिसतात. मायलिन नसलेल्या बारीक तंतूंत हाच वेग सेकंदाला 2 मीटरपर्यंतच राहतो. पायात बाभळीचा काटा मोडला की आधी तीक्ष्ण कळ उठते आणि मागून ठणका येतो, हे माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने सोसलेले आहे; कळ मायलिनच्या तंतूंतून येते आणि ठणका उघड्या तंतूंतून.

मॉडेलबद्दल मात्र मत संमिश्र आहे. प्लास्टिक मजबूत आहे, रंग टिकाऊ आहेत, मायलिनचे थर उलगडून दाखवता येतात. दोष प्रमाणाचा आहे. पेशीकाय लिंबाएवढा आणि अक्षतंतू जेमतेम वीतभर, असे हे मॉडेल पाहून मुलांचा समज पक्का होतो की चेतापेशी म्हणजे शेपटीवाला गोळा. कमरेजवळच्या मेरुरज्जूतून पायाच्या पंजापर्यंत जाणारा अक्षतंतू जवळपास एक मीटर लांब असतो आणि त्याचा पेशीकाय मात्र फार तर मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढा. पेशीकाय 5 सेंटीमीटरचा धरला, तर त्याच हिशेबाने अक्षतंतू अर्धा किलोमीटर लांब आणि पेन्सिलीएवढा जाड करावा लागेल. मी मुलांना घेऊन शाळेच्या फाटकापासून पावले मोजत निघालो; गावाच्या फाट्यापर्यंत पोहोचलो तेव्हा कुठे अक्षतंतूचे टोक आले. उत्पादकाने एवढे एक वाक्य डब्यावर छापायला हवे होते.

या मॉडेलचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सुटे होणारे संपर्कस्थान, म्हणजे अक्षतंतू पुढच्या पेशीला संदेश देतो ती जागा. अक्षतंतूचे टोक आणि समोरच्या स्नायूचा तुकडा वेगळे करता येतात. टोकाच्या आत मण्यांच्या रूपात पुटिका, म्हणजे रसायन भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, आहेत. दोन्ही भाग चुंबकाने एकमेकांना चिकटतात ही मात्र रचनेतली चूक आहे, कारण प्रत्यक्षात ते कधीच चिकटलेले नसतात. मी मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून फट कायम ठेवली, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, हे मधातच काहून तुटलं?" याच प्रश्नावर गोल्जी आणि काहाल या दोन शास्त्रज्ञांमध्ये मतभेद होता. गोल्जींच्या मते सारे तंतू एकसंध जाळे होते, तर काहालांच्या मते प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र होती. 1906 चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून दिले गेले आणि 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती फट प्रत्यक्ष दाखवली. मुलीचा प्रश्न कोणत्या तोडीचा आहे, हे मी तिला वर्गासमोर सांगितले.

आमच्या भागात या फटीचे महत्त्व केवळ परीक्षेपुरते नाही. आवेग टोकापर्यंत आला की पुटिकांतून ॲसिटिलकोलीन हे रसायन फटीत सांडते, स्नायूवरील ते ओळखणाऱ्या ग्राहींना चिकटते, स्नायू आकुंचन पावतो आणि लगेच एक विकर (एन्झाइम) त्या रसायनाचे तुकडे करतो, म्हणून स्नायू पुन्हा सैल पडतो. कपाशीवर फवारली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके हाच विकर निकामी करतात. मग लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. मण्यारीचे विष याच जागी अक्षतंतूची टोके नष्ट करते, म्हणून पापण्या मिटू लागतात आणि दंशाची जागा फारशी दुखतही नाही. 2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती घरे आमच्या ओळखीची आहेत. मॉडेलमधले मणी बोटांनी फटीत टाकून आणि विकराच्या जागी ठेवलेला खडू उचलून घेऊन मुलांनी हे सारे करून पाहिले. त्या आठवड्यात तिघांनी घरी जाऊन वडिलांना तोंडाला कापड बांधण्याऐवजी मास्क आणि हातमोजे वापरायला लावले.

सोबतच्या मराठी पुस्तिकेत वृक्षिका (पेशीकायाचे आखूड, फांद्यांसारखे धागे) आणि अक्षतंतू यांची कामे अदलाबदल होऊन छापली आहेत. वृक्षिका आवेग पेशीकायाकडे आणतात आणि अक्षतंतू तो पुढे नेतो, असे हाताने दुरुस्त करूनच पुस्तिका मुलांना द्यावी. अनुमस्तिष्काची (लहान मेंदूची) चौथी स्लाइड तडकलेली आली होती. विक्रेत्याला दोनदा फोन करावा लागला, पण तीन आठवड्यांनी त्याने स्वतःच्या खर्चाने ती बदलून दिली. चेता-स्नायू संधीची, म्हणजे वर सांगितलेल्या फटीच्या जागेची, स्लाइड या संचात नाही. ती वेगळी 380 रुपयांना मिळते. फवारणीच्या पट्ट्यातल्या कोणत्याही शाळेने ती संचासोबतच मागवावी.