दुःखात आधार: फोनवरचा की समोर बसून?

आईचा दहावा नाशिकच्या रामकुंडावर झाला, अस्थी अस्थिविलय कुंडात सोडल्या, तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मग घर खायला उठलं.

रात्री दोनला झोप उडाली की मी १४४१६ लावायचे. हा टेलिमानसचा नंबर; मानसिक आधाराची ही सरकारी फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे: मोफत, चोवीस तास, मराठीतही. त्या क्षणी ऐकणारं माणूस मिळतं, हे फार मोठं आहे. पण मला दर वेळी पलीकडे नवा आवाज भेटला, सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

गंगापूर रोडवरच्या समुपदेशक बाईंकडे फी भरावी लागते, सिडकोहून अर्धी रजा टाकून जावं लागतं. तरी माझा कौल त्यांनाच. आईचा चष्मा देव्हाऱ्यापाशी तसाच उघडा ठेवलाय, हे मी तिसऱ्या भेटीत बोलले. चौथ्या भेटीत त्यांनी आपणहून विचारलं, "चष्मा तिथंच आहे ना?" मी तासभर रडले. "आता सावर स्वतःला" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. नातेवाईक दहादा म्हणाले होते.

औषधं समुपदेशक देत नाहीत, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांसारखे डॉक्टर लागतात.

मात्र जीव नकोसा वाटत असेल, तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका. आत्ता, याच घडीला फोन लावा.