नव्या संगणकावर विंडोज ७ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

यंत्र असं: एएम४ सॉकेटचा बी४५० मदरबोर्ड, रायझन ५ २६०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) एसएसडी, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. त्यावर विंडोज ७ प्रोफेशनल, ६४ बिट, सर्व्हिस पॅक १. प्रोफेशनल मुद्दाम, कारण होम प्रीमियम १६ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही आणि होम बेसिक तर ८ जीबीलाच थांबते.

सगळा घाम निघतो तो इन्स्टॉल करताना. २००९च्या या प्रणालीत यूएसबी ३चा ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) नाही आणि नव्या बोर्डांवर बहुतेक सगळे पोर्ट त्याच कंट्रोलरवर असतात. त्यामुळे सेटअपची पहिली खिडकी उघडते, पण माउस हलत नाही. किंवा सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही असा संदेश येतो. तो संदेश दिशाभूल करतो. आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची प्रत असलेली फाइल) खराब आहे असं समजून लोक ती तीन-तीनदा उतरवतात.

उपाय म्हणजे डिस्म (विंडोजच्या इन्स्टॉल फाइली बदलायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) वापरून ड्रायव्हर आधीच त्या फाइलींमध्ये घालणं, आणि तेही दोन्हीकडे: बूट.विमच्या (सेटअप जिच्यातून चालतो ती फाइल) इंडेक्स १ व २मध्ये, म्हणजे तिच्या दोन्ही भागांत, आणि इन्स्टॉल.विममधल्या (जिच्यातून विंडोज डिस्कवर बसते ती फाइल) आपल्या आवृत्तीच्या इंडेक्समध्ये. फक्त बूट.विममध्ये घातला तर सेटअप पार पडतो आणि पहिल्या रीस्टार्टनंतर कीबोर्ड मरतो. फक्त इन्स्टॉल.विममध्ये घातला तर सेटअपच पुढे सरकत नाही. बोर्डवर पीएस/२चं गोल पोर्ट असेल तर जुना कीबोर्ड हाताशी ठेवावा.

एनव्हीएमईसाठी केबी २९९०९४१ आणि केबी ३०८७८७३ हे दोन हॉटफिक्स (मायक्रोसॉफ्टचे दुरुस्ती-पॅच) याच पद्धतीने घालायचे. शिवाय केबी ४४९०६२८ आणि त्यानंतर केबी ४४७४४१९, याच क्रमाने. केबी ४४७४४१९ नसेल तर एसएचए-२ (नव्या प्रकारची डिजिटल) सही असलेले नवे ड्रायव्हर विंडोज नाकारते, ग्राफिक्सचासुद्धा. एवढं सगळं घातल्यावर इन्स्टॉल.विम ४ जीबीच्या वर गेली तर ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मावत नाही. मग डिस्मनेच तिचे तुकडे करायचे. सेटअप हे .एसडब्ल्यूएम तुकडे नीट वाचतो.

बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद आणि सीएसएम (जुनी बायोस पद्धत चालवणारी सोय) चालू. बूट मात्र यूएफआय या नव्या पद्धतीने, आणि डिस्कची विभागणी त्याला लागणाऱ्या जीपीटी प्रकारची. सीएसएम बंद राहिलं तर 'स्टार्टिंग विंडोज'वर पडदा गोठतो, कारण विंडोज ७ला अजून जुनं व्हिडिओ बायोस लागतं. ज्या बोर्डांत सीएसएमच उरलेलं नाही, त्यांच्या नादी लागू नये. जुगाड आहेत, पण रोजच्या कामाला ते भरवशाचे नाहीत. काही नव्या बोर्डांवर एसीपीआय (बोर्डाची रचना आणि वीज-व्यवस्था प्रणालीला सांगणारा दुवा) न जुळल्याने निळा पडदा येतो, स्टॉप कोड ए५. तिथे सुधारित, म्हणजे सही नसलेली सिस्टीम फाइल बसवावी लागते. ते न केलेलंच बरं.

एकदा बसल्यावर मात्र तक्रारीला फारशी जागा नाही. जुनी मोजमाप-उपकरणं आणि त्यांची सॉफ्टवेअरं बिनबोभाट चालतात, आणि या यंत्राचं काम तेवढंच आहे. रायझनवर विंडोज अपडेट एप्रिल २०१७नंतरच्या पॅचेसमुळे ८०२४००३७ हा एरर दाखवून हात वर करतं, म्हणून पॅचेस आधीच इन्स्टॉल.विममध्ये घातलेले बरे. सर्वसाधारण सुरक्षा अपडेट तसेही जानेवारी २०२०मध्ये थांबले. क्रोम १०९वर अडकलं आहे, फायरफॉक्स ११५ ईएसआर या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर. त्यामुळे नेटवर्क केबल काढलेली, फाइली पेनड्राइव्हने.

महिन्यांनंतरच कळणारी गोष्ट एसएसडीची. विंडोज ७ सॅटा (जुन्या जोडणीच्या) एसएसडीला ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याची सूचना, पाठवते, एनव्हीएमईला नाही. ड्राइव्ह भरत गेली की लिखाण मंदावतं. सुरुवातीलाच १५-२० टक्के जागा पार्टिशनबाहेर सोडली तर त्रास बराच कमी. सॅटा घेतली असती तर दोन हॉटफिक्सही वाचले असते. वेगाचा मोह.

लॅपटॉपवर हे करू नये. आय२सी जोडणीच्या टचपॅडला ड्रायव्हर नसतो, आणि अनेक नव्या मॉडेलांत एस३ झोपच (विंडोज ७ वापरते ती स्लीप) काढून टाकलेली असल्याने झाकण लावूनही यंत्र झोपत नाही.

शेजारी विंडोज १० असेल तर तिथला फास्ट स्टार्टअप आधी बंद करावा. तो चालू असताना दहा पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होते. मग सातने दहाच्या पार्टिशनवर काही लिहिलं की पुढच्या वेळी चेकडिस्क (डिस्कची तपासणी) सुरू होतं, आणि कधी फाइलीही गायब.