मागाला लावायचा मीटर : आठ महिने वापरून रिव्ह्यू (इचलकरंजी, 16 रेपियर म्हणजे बिनधोट्याचे माग)

कंपनीचं नाव टाकत नाही, उगाच त्यांचा माणूस फोन करत बसतो. अशी डबडी बऱ्याच जणांची मिळतात, काम सगळ्यांचं जवळपास सारखंच. प्रत्येक मागाला एक सेन्सर, शेजारी चार बटणांचा डबा आणि मालकाच्या मोबाईलवर ॲप. माग किती पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) चालला, कधी थांबला, किती वेळ थांबला, सगळं घरबसल्या दिसतं. मला मागाला साडेसहा हजार पडले, म्हणजे 16 मागांचे लाखाच्या वर गेले, वर्षाचा रिचार्ज वेगळा.

घेतलं का ते सांगतो. माझे माग मिनिटाला 380 पिकांनी चालतात, इंचाला 60 पिकाचं कापड, बारा तासांची पाळी. एक मिनिट न थांबता माग चालला तर 115 मीटर पडायला पाहिजे, आणि दिवाणजीच्या वहीत आकडा 80 च्या वर काही जायचा नाही. मधले 35 मीटर कुठं जातात विचारलं की कामगार म्हणणार सूत खराब, जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणणार कामगार झोपतोय, सायझिंगवाला (उभ्या सुताला खळ लावून देणारा) म्हणणार तुमचे माग जुने. जुने आहेतच, युरोपात वापरून झालेलेच आणलेत. पण उत्पादन वाढवायचं म्हणजे मशिन बदलायचं एवढंच आपल्या डोक्यात बसलंय, 1999 ला सरकारची मशिनरी सबसिडीची टफ योजना आल्यापासून तर जास्तच. सबसिडी माग घ्यायला मिळायची, घेतलेला माग रातपाळीत किती तास उभा असतो हे बघायला कोण सबसिडी देणार!

पहिले तीन महिने पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. माग थांबला की कामगारानं कारणाचं बटण दाबायचं : ताणा (उभा धागा तुटला), बाणा (आडवा तुटला), बीम (ताणा गुंडाळलेला रूळ संपला) किंवा जॉबर (माग बिघडला). ॲपवर बघावं तर सगळे थांबे ताण्याचे. मी तडक सायझिंगवाल्याशी भांडून आलो, तो बिचारा शपथा घेत होता. मग एकदा रातपाळीत स्वतः जाऊन उभा राहिलो. एका कामगाराकडं सहा माग, इथं तुटलेला धागा जोडतोय तोवर तिकडं दोन उभे, पळता पळता हाताला पहिलं येणारं बटण दाबून मोकळा, आणि पहिलं बटण ताण्याचं. त्याचं तरी काय चुकलं हो, त्याला पैसे मीटरवर मिळतात, बटणं बघून दाबण्यात जेवढा वेळ जाईल तेवढं त्याचंच नुकसान.

भाचा पुण्याला इकॉनॉमिक्स शिकतो, त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला मामा, हे सियालकोटला झालंय. तिकडं पाकिस्तानात फुटबॉल बनवतात ना, तिथं काही संशोधकांनी 2012 मध्ये रेक्झिनचे तुकडे कापायचा नवीन साचा कारखान्यांना फुकट दिला, रेक्झिन वाया कमी जावं म्हणून. वर्ष उलटलं तरी फार कोणी वापरेना. कारण कापणाऱ्याला पैसे नगावर, नवीन साच्यानं सुरुवातीला हात हळू चालणार आणि वाचलेलं रेक्झिन मालकाचं. मग काही कारखान्यांत कामगाराला साचा नीट चालवून दाखवला तर साधारण महिन्याच्या पगाराएवढे पैसे देऊ म्हटल्यावर वापर वाढला. मी म्हटलं हे तर आपल्या शेडमधलंच चाललंय.

दुसऱ्या दिवसापासून पाळीला 30 रुपये बटणांचे वेगळे चालू केले. पंधरा दिवसांत चित्र पालटलं. खरा घोळ ताण्याचा नव्हताच, बीमचा होता. सात नंबरचा माग रात्री सव्वाएकला थांबला तो सकाळी पावणेनऊला चालू, कारण बीम संपला आणि बीम गाठणारा (नव्या बीमचे धागे जुन्याला जोडणारा) सकाळी चहा पिऊन येणार. असं महिन्यात अकरा वेळा! वहीत हे कधी दिसलंच नाही, कारण वहीत मीटर लिहितात, उभा राहिलेला वेळ कोण लिहितो.

आता बीम चढवताना लांबी ॲपमध्ये टाकतो, संपायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, गाठणाऱ्याला सांगून ठेवता येतं. सायझिंगला देतानाच लांबी अशी धरतो की शक्यतो दिवसपाळीत संपेल. पाळीला आता 90 मीटर पडतंय, तेच माग, तेच कामगार. बटणांची भानगड मिटल्यावर चार महिन्यांत डबड्याचे पैसे निघाले.

आता नावं ठेवतो. लाईट गेली की राउटर बंद आणि तेवढ्या वेळाचा डेटा गायब, राउटरला वेगळा इन्व्हर्टर लावावा लागला, हे विकताना कोणी सांगितलं नव्हतं. सर्व्हिसवाला "उद्या येतो" म्हणून आठ दिवसांनी उगवतो. ॲप इंग्रजी नाहीतर हिंदी, कामगार बरेच यूपी-बिहारचे म्हणून हिंदी चालून जातं, पण दिवाणजी 58 वर्षांचे, त्यांना मराठीच पाहिजे. आणि रिपोर्टची चाळीस पानं येतात त्यातली दोनच कामाची.

5 पैकी साडेतीन स्टार. साधे धोट्याचे माग असतील तर घेऊ नका, आठवडाभर प्रत्येक मागाला खडू टांगून थांबल्याची वेळ लिहायला लावा, निम्मं तिथंच कळेल. रेपियरवाल्यांनी घ्यायला हरकत नाही, फक्त बटणांचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा. आणि हो, बटणांच्या फटीत कापसाची धूळ जाऊन ती अडकतात, आमच्या जॉबरनं पाण्याच्या बाटल्या कापून त्याची झाकणं बसवलीत, कंपनीच्या कव्हरपेक्षा ती बरी टिकतात.